स्थिर हाताची मुलगी

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज रुजू झाले. सगळं छान आहे, आणि हे वाक्य मी सहसा लिहीत नाही. खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकी पूर्वेला, टेबल भिंतीला टेकलेलं, नळाला दिवसभर पाणी. घरमालकीण बोलघेवडी आहे, पण तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे उत्तरं द्यावी लागत नाहीत. नव्या नोकरीसाठी नवे बूट घेतले. टाच कडक आहे. कार्यालयाच्या लांबलचक बोळातून गेले तर असा टकटक आवाज झाला, की माणसं आपोआप बाजूला झाली. मला आवडलं.

कार्यालय बेपत्ता सैनिकांचं. युद्ध संपलेलं नाही, फक्त इथून लांब सरकलंय. सैनिकांच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांतलं चित्रीकरण इथे येतं. ते पाहून एक समिती ठरवते, माणूस बेपत्ता की मृत. बेपत्ता म्हटलं की शोध चालू राहतो, मृत म्हटलं की बंद. समितीवर पाच निवृत्त मंडळी आहेत. चित्र हललं की त्यांना गरगरतं. गेल्या वर्षी अध्यक्ष कुंडीत ओकले, म्हणे. मरायचं तिकडे आणि उलट्या इकडे. म्हणून मला नेमलंय, चित्रातली थरथर काढून टाकायला. इंजिनिअरिंगची चार वर्षं एक कुंडी वाचवण्यासाठी.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

काम सोपं आहे. संगणक चित्रातली एक स्थिर गोष्ट धरतो, भिंत किंवा खांब, आणि ती किती हलली यावरून कॅमेरा किती हलला ते काढतो. त्याची रेषा चित्राखाली उमटत जाते. चालणं म्हणजे मोठ्या लाटा, श्वास म्हणजे लहान. भीती दिसायला अगदी कंटाळवाणी असते: लाटा लहान होतात आणि दाट होतात, बस. मग माझी चाळणी लावायची. ती मोठे हेलकावे सपाट करते आणि एका मापाखालचं सगळं धूळ समजून गाळून टाकते. चाळणी मी स्वतः बांधली आहे. आधीची भरड होती.

शेजारच्या टेबलावर काका बसतात. माझ्याआधी हे काम त्यांच्याकडे होतं. आता नुसत्या फायली लावतात, कारण हात थरथरतो. कपसुद्धा दोन्ही हातांनी धरतात. चित्र सुरू झालं की मान फिरवतात, आणि तरी डोळे पुसतात. न बघता रडायची कला मी पहिल्यांदाच पाहिली. मी आज सगळं पाहिलं, पाय तुटलेला माणूस, जळणारी गाडी, आणि मग डबा उघडला. काका म्हणाले, जात्यातले रडतात, सुपातले हसतात, मुली. मी म्हटलं, मी हसत नाहीये, जेवतेय.

साहेब खूश आहेत. असाच स्थिर हात हवा होता, म्हणाले.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज एक फाईल संपवली. या माणसाला सोबतचे लांब्या म्हणतात. तो स्वतः कधीच दिसत नाही, कॅमेरा त्याच्याच डोक्यावर आहे. दिसतात ते हात. बाहीला चिकटलेली कुसळं तो एकेक करून काढतो आणि गुडघ्यावर ओळीने मांडून ठेवतो. मागून कोणीतरी ओरडतं, काय रे लांब्या, लग्नाला निघालास का? मग स्फोट. चित्र आडवं होतं. गवत, मागे भिंतीचा तुकडा, एका काडीवर चढणारी मुंगी. दोन बूट येतात, थांबतात, जातात. त्यानंतर फीत संपेपर्यंत मुंगीखेरीज काही हलत नाही.

चाळणी लावली, दिली. समितीने चहा पिता पिता पाहिली. एक बाई म्हणाल्या, किती स्वच्छ दिसतंय हो, अगदी सिनेमासारखं. मग शिक्का: मृत. शोधपथकाला परत फिरायला सांगितलं. अध्यक्षांनी मुद्दाम माझी चौकशी केली. कुंडी सुखरूप आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

लांब्याची थोरली बहीण आली होती. सकाळपासून बाकावर, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. साहेबांनी मला पुढे केलं, कारण माझ्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. तिने एवढंच विचारलं, की शेवटी तो हलला का. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, पोरी, नीट बघितलंस ना? लपाछपीत तो श्वास रोखून पडायचा, म्हणे. एकदा गाद्यांच्या ढिगात इतका वेळ, की सापडल्यावर आईने आधी छातीशी धरला आणि मग एक सणसणीत लगावली. डाव मोडला, सगळे सुटले, असं कानावर पडल्याशिवाय बाहेर यायचाच नाही. ‘साईसुट्ट्यो’ ओरडून ओरडून हिचा घसा बसायचा.

प्रत्येक बहिणीच्या पिशवीत असं एक बालपण असतं, कशालाच उपयोगी न पडणारं. मी तिला जिना दाखवला. काका तिच्यासाठी पाणी घेऊन धावले, अर्धं बोळातच सांडलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

मूळ फीत उघडली, चाळणी न लावता. बहिणीचं म्हणणं भाबडं आहे, हे एकदा पक्कं व्हावं म्हणून.

बूट येतात, रेषा सपाट. बूट जातात, सपाट. बराच वेळ सपाट. मी कंटाळून खुर्ची मागे ढकलली आणि रेलले. तेव्हा एक लाट आली. लहान. मग दुसरी.

वारा असेल म्हणून तिथूनच हात लांबवून गवत सोडलं आणि भिंतीवरून मोजलं. भिंत वाऱ्याने हलत नाही. भिंत वर-खाली होत होती. म्हणजे डोकं होत होतं, म्हणजे छाती. फीत संपेपर्यंत.

माझ्या मापाखाली आलं. धूळ म्हणून गेलं. माप मीच ठरवलं होतं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

दोन दिवस घेतले सांगायला. दोन दिवस तो तिथे—

साहेब आले, वाकले, बघितलं. रेषा सपाट. कुठंय, म्हणाले. मी बोट ठेवलं. अगं मुली, म्हणाले, तुझंच बोट थरथरतंय की. घरी जा, झोप काढ.

बोट थरथरत होतं. हे खरं आहे.

साहेब गेल्यावर काका हळूच बोलले. त्यांनाही एका फितीत असंच दिसलं होतं. तेव्हा साहेब म्हणाले होते, काका, हात तुमचा हलतोय. म्हणून तर स्थिर हाताची मुलगी आणली, म्हणे. मी विचारलं, त्या माणसाचं पुढे काय झालं. काकांनी कप ठेवला आणि पुढची फाईल ओढली.

मी माझा कप दोन्ही हातांनी धरला होता.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

परवा साहेबांची पाठ वळताच मी मागे रेलले, आणि लाट परत आली होती. ते डोक्यातून जाईना. आज पडताळून पाहिलं. फीत लावली, दारापर्यंत मागे गेले: लाट. पुढे आले, टाच वाजली: सपाट. पुन्हा मागे. पुन्हा पुढे. दर वेळी तेच.

काका चपला फटफटवत पडद्यापर्यंत गेले. लाट चालूच.

मी बूट काढले. अनवाणी गेले. सपाट.

मला ओळखतो.

फीत जुनी आहे. फितीला मी दिसत नाही. एवढी अक्कल मला आहे. समितीतल्या बाईंनाही असेल.

शनिवार, २२ नोव्हेंबर

खोलीवर. जिन्यात घरमालकिणीची पावलं वाजली आणि मी श्वास रोखला. मुद्दाम नाही. छातीने आपणहून— तिने दार वाजवलं, हाका मारल्या, गेली. घरात कोणी नाही वाटतं, म्हणाली.

भिंत बघतेय. वर-खाली होते. मी श्वास धरला तरी होते.

काका मूर्ख आहेत असं मला वाटायचं. ते मान फिरवायचे. शहाणा माणूस.

सोमवार, २४ नोव्हेंबर

नातलगाने खूण पटवली तर समितीला फाईल पुन्हा उघडावी लागते, शोध पुन्हा सुरू होतो. काकांना हा नियम माहीत होता. तेच लांब्याच्या ताईंना घेऊन आलेत. साहेब जेवायला गेलेत. ताई पडद्यासमोर, काका बाजूला. मी दारात उभी राहून लिहितेय. जवळ गेले तर तो— बूट खोलीवर टाकून आलेय. आज चपला.

लाट चालू आहे. तिच्यासाठी रोखत नाही.

काका सांगतायत, भिंत बघा, भिंत. ती भिंत बघत नाही. पडद्यावर तळहात ठेवलाय. रडत नाही. रड की बाई, सगळे रडतात—

पडद्याशी तोंड नेलं. ओरडली.

साईसुट्ट्यो.

लाट मोठी. आणखी मोठी. फीत इथे संपते. इथे संपायला हवी होती—

गवत खाली गेलं. उठतोय. सगळं हलतंय, काहीच गाळलेलं नाही, मला गरगरतंय. ताई हसतेय. काका तिला धरून—

पडद्यावरची चौकट वळतेय. गवत. भिंत. काकांचं टेबल. ताईचा चेहरा, समोरून—

तिच्या मागे दार. दारात दोन बूट. कडक टाचेचे. माझ्या पायात चपला आहेत, मी बघतेय, चपला—

रेषा सपाट.

चौकट वर सरकतेय. गुडघे. वही. लिहिणारा हात, केवढा थरथ—