कंट्रोल चार्ट, मे महिना

१ एप्रिल

पॅरामेडिकल कौन्सिलचं पत्र आलं. नोंदणी चालू ठेवायची असेल तर एकतीस मेपर्यंत तीस क्रेडिटचा ऑनलाइन कोर्स पुरा करा, नाही तर यादीतून नाव जाईल. हुमनाबादेत एकोणीस वर्षं लॅब चालवली, निम्म्या तालुक्याचं रक्त माझ्या हातातून गेलं, आणि आता मला शिकवणार. रागात दोन चहा प्यालो.

मग शांत डोक्यानं विचार केला. शिकल्यानं कुणी लहान होत नाही. ठरलं. रोज पहाटे पाचला उठून एक तास व्हिडिओ. वीस एप्रिलला तीस क्रेडिट खलास. पुढं नुसती उजळणी.

२ एप्रिल

सव्वासातला उठलो. बायकोला, संध्याला विचारलं, मला उठवलं का नाहीस. ती म्हणाली, मला कुठं क्रेडिट मिळायलेत.

३ एप्रिल, दुपारी

नवी पद्धत. व्हिडिओ लॅबमध्येच. मोबाईल रक्त फिरवायच्या सेंट्रिफ्यूजला टेकवून, आवाज बंद, स्पीड दुप्पट. दर दहा मिनिटांनी चौकट येते : आपण पाहत आहात ना? होय दाबायचं. आज सहा वेळा होय दाबलं. एक क्रेडिट.

पहिला धडा कंट्रोलचा. ज्या पाण्याची शुगर आधीच माहीत आहे ते रोज सकाळी मशीनला पाजायचं, आकडा बरोबर आला तरच पेशंटचं रक्त लावायचं, आणि तो आकडा तारखेच्या रकान्यात लिहून सही करायची. हे मी एकोणीस वर्षं करतोय. म्हणजे सुरुवातीला करायचो.

आमची नवी टेक्निशियन शिवकन्या मागून बघत होती. डिग्री ताजी, त्यामुळे जिभेला धार. म्हणाली, सर, आपुन कंट्रोल कामून लावत न्हाई? मी सांगितलं, बाटल्या इन्स्पेक्शनसाठी जपून ठेवल्यात. एकदा पाणी घालून ढवळली की आठ दिवसांत वाया. आणि मशीन ठीक आहे की नाही ते मला आवाजावरून कळतं. तिनं नुसती मान हलवली. पटलं असावं.

९ एप्रिल

ऊन मरणाचं. करंट दिवसातून चारदा जातो. फ्रिज सदा घरघर करायचा, आज गप्प झाला. अभ्यासाला शांतता बरीच.

शिवकन्यानं आत हात घातला आणि म्हणाली, सर, शुगर तपासायचं रिएजंट कोमट लागायलंय, थर्मामीटर एकोणीस दाखवायलाय. थर्मामीटर जुना आहे. टेंपरेचरच्या वहीत नेहमीप्रमाणे चार लिहिलं. दुपारी फ्रिज आपोआप चालू झाला. म्हणजे तक्रारीत दम नव्हता. माझं ताक तेवढं आंबलं.

१४ एप्रिल

जयंतीला गावी, निर्ण्याला गेलो. आमचा अण्णा, रत्नपाल, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, पांढरे कपडे आणि नवे बूट घालून दोन तास मिरवणुकीच्या पुढं. संध्याकाळी बूट काढला तर उजव्या अंगठ्याला फोड. वहिनी म्हणाली, ह्यास्नी कळलंच न्हाई, मीच बघितलं. अण्णाला शुगर आहे बारा वर्षांपासून. म्हटलं, परवा लॅबला ये.

मी बिदरला डीएमएलटी करत होतो तेव्हा हा माणूस दर रविवारी सायकल मारत भाकरी घेऊन यायचा. पायात टायरची चप्पल. भाकरी गरम राहावी म्हणून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. याची शुगर मी दुसऱ्या कुणाला तपासू देणार नाही.

१६ एप्रिल

अण्णाची शुगर १४४! डिसेंबरात २९० होती. शेजारचे डॉ. मल्लिकार्जुन आमचाच रिपोर्ट बघून औषध देतात, त्यांनी गोळी अर्धी केली. अण्णा जाताना म्हणाला, राजपाल, तू शिकलास म्हणून आमचं भलं झालं बघ. मला भरून आलं.

मग वही चाळली. एकटा अण्णाच नाही! गेल्या आठ दिवसांत एकाही पेशंटची शुगर दीडशेच्या वर नाही. तुरीचे व्यापारी उद्धवराव, ज्यांची कधी साडेतीनशेच्या खाली आली नाही, ते १४६. याला एकच कारण. कोर्समध्ये 'पेशंटशी संवाद' हा धडा झाल्यापासून सुई टोचताना मी प्रत्येकाला आहारावर चार शब्द सांगतो. सगळा तालुका सुधारायला लागला. यावर एक पेपर लिहायचा. इंग्रजीत.

२० एप्रिल

ठरल्याप्रमाणे आज तीस क्रेडिट व्हायला हवे होते. सात झाले. करंटचा दोष.

शिवकन्यानं मला न विचारता इन्स्पेक्शनची बाटली फोडून कंट्रोल लावलं. बाटलीवर लिहिलंय २६० ते ३१०. मशीनवर आलं १४१. तिनं ते चार्टमध्ये लाल पेननं लिहिलं आणि वर गोल केला. मी शांतपणे सांगितलं की बाटली फ्रिजमध्ये गरम होऊन कंट्रोल खराब झालं असणार. ती म्हणाली, मग त्याच फ्रिजातलं रिएजंट कसं काय टिकायलंय सर?

प्रश्न चांगला होता. शिकणाऱ्यानं प्रश्न विचारावेत. संध्याकाळी एप्रिलचा चार्ट नवा काढला, लाल गोल वगळून.

२४ एप्रिल

लघवीच्या डब्यांच्या ट्रेमध्ये मुंग्या. काळ्या, बारीक, भिंतीवरून ओळीनं उतरतात. उद्धवरावांच्या डब्याभोवती तर कडंच झालं होतं. उन्हाळ्यात मुंग्या निघतातच. खडू ओढला.

शुगरचं रिएजंट फिकट गुलाबी दिसतंय. पूर्वी पाण्यासारखं असायचं. नवी कंपनी असेल.

२८ एप्रिल

उद्धवराव तणतणत आले. मुलानं पुण्याहून बोटाला टोचायचं छोटं मशीन पाठवलंय, त्यात ३८८ आली म्हणे. इथं १४६ अन् तिथं ३८८, आमी कुणाचं ऐकायचं, असं म्हणायला लागले. मी विचारलं, टोचण्याआधी काय करत होता? गूळ फोडत होतो म्हणाले. मी हसलो. सांगितलं, याला प्री-अॅनालिटिकल एरर म्हणतात, तपासणीच्या आधीचीच चूक. तिसरा धडा. त्यांना शब्द फार आवडला. दोनदा म्हणून बघितला आणि समाधानानं आमरस खायला गेले.

कोर्सचा किती उपयोग होतो! पूर्वी अशा वेळी मला काही सुचत नसे.

१ मे, सकाळी ९

सुट्टी. मे महिना लग्नांचा, रोज वेळ कुठला मिळणार? म्हणून संपूर्ण महिन्याचा कंट्रोल चार्ट आजच भरून टाकला. हे कुणालाही जमणारं काम नाही. आकडे फार सारखे आले तर संशय येतो, फार वेगळे आले तर प्रश्न येतात. २८१, २७६, २९०, असे श्वास घेतल्यासारखे वर-खाली. तीन पेनं वापरली, निळं, काळं, हिरवं. नऊ तारखेवर चहाचा थेंब पाडला. रविवार रिकामे सोडले. प्रत्येक रकान्याखाली सही. दीड तास मान वर केली नाही. इतक्या एकाग्रतेनं मी डीएमएलटीलाही अभ्यास केला नव्हता.

५ मे

शिवकन्या नोकरी सोडून चालली. गुलबर्ग्याला मोठ्या दवाखान्यात लागली. जाताना म्हणाली, सर, मला इथं रिपोर्टवर सही करायचं भ्या वाटायलंय. आत्मविश्वास नसला की असं होतं. आठवा धडा.

११ मे

अण्णा आला, घरीच राहिला. अंगठा काळा पडलाय. काळा म्हणजे औषधाचा रंग असेल. वास येतोय. दुखतंय का विचारलं तर म्हणाला, न्हाई रे, कायच लागंना. दुखत नाही ही चांगली गोष्ट.

शुगर १४७. डॉक्टर रिपोर्ट बघून शुगरचा प्रश्न नाही म्हणाले आणि त्यांनी मलम बदलून दिलं. संध्यानं आमरस केला. अण्णानं तीन वाट्या खाल्ल्या आणि पाणी तांब्यांनी प्यालं.

संध्या म्हणते, अण्णा आल्यापासून मोरीत मुंग्या झाल्यात. तिला सांगितलं, खडू ओढ.

१२ मे

मोरीत जाऊन बघितलं. ओळ भिंतीवरून उतरून थेट कोपऱ्यात जाते. बराच वेळ बघत उभा राहिलो. मला कसलीतरी भीती वाटली. कसली ते लिहिता येत नाही. झोप कमी झाली असेल. उद्यापासून पाचला उठणं बंद करायचं. तसा मी कधी उठलो नव्हतोच.

१६ मे

आयुष्यातला मोठा दिवस. नौबादला हॉलमध्ये कोर्सची कार्यशाळा. सगळ्यांनी पाठवलेल्या चार्टमधून माझा एप्रिलचा चार्ट पडद्यावर लावला. कोर्सचे सर म्हणाले, बेचाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यात एवढी स्थिर लॅब मी बघितली नाही. मागून कुणीतरी हसलं. हेवा.

मला स्टेजवर बोलावलं तेव्हा खिशात फोन वाजायला लागला. वहिनीचा होता. बंद केला. परत वाजला. परत बंद केला. टाळ्या चालू होत्या.

१७ मे

अण्णाला ताप, बरळतोय. निर्ण्याहून गाडी करून गुलबर्ग्याला नेलं.

१८ मे, दुपारी

दवाखान्यातल्या लॅबचा रिपोर्ट : शुगर ४३८.

मी हसलो. वहिनी माझ्याकडं बघायला लागली. तिला समजावलं, मोठ्या दवाखान्यात गर्दी असते, कंट्रोल लावायला कुणाला वेळ? यांनी लावलं नसेल. परत तपासायला लावलं. ४४१. खाली सही बघितली. शिवकन्या.

बाकावर बसून दोन क्रेडिट केले. आपण पाहत आहात ना? होय.

२० मे

डॉक्टर म्हणतात सडणं वर चढलंय. पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, आजच. मी सांगितलं, शुगर तर गेला महिनाभर नॉर्मल होती. त्यांनी विचारलं, कुठल्या लॅबमध्ये? मी म्हटलं, गावाकडच्या एका.

कागदावर सही मी केली. वहिनीला अक्षर येत नाही.

२३ मे

अण्णा शुद्धीवर आहे. पांघरूण एका बाजूला सपाट. मला म्हणाला, राजपाल, कामून असं झालं रे? तू तपासलं व्हतंस म्हणून मी बिनघोर व्हतो.

याला कोर्समध्ये एक शब्द आहे. आठवला नाही. बाहेर येऊन नळाखाली तोंड धरलं, तरी रडू थांबेना.

२५ मे

सर्टिफिकेट मोबाईलवर आलं. तीस क्रेडिट, श्रेणी उत्कृष्ट. 'राजपाल' बरोबर लिहिलंय. संध्याला दाखवलं. तिनं वाचलं आणि फोन उलटा ठेवला.

२६ मे

दवाखान्याच्या जिन्यात शिवकन्या भेटली. हातात बर्फाचा थर्मास. म्हणाली, सर, रागाला येऊ नका, ही आमच्याकडची कंट्रोलची बाटली हाय. सकाळी आमच्या मशीनवर २८४ आलंय. एकदा लावून बघा. मी म्हटलं, मला गरज नाही. ती थर्मास पायरीवर ठेवून गेली. मी उचलला. कुणी लाथाडला असता.

२७ मे, सकाळी ८

दहा दिवसांनी लॅब उघडली. बाहेर बाकावर सात जण उपाशीपोटी बसलेत. पहिले उद्धवराव. डोळ्यांपुढं अंधारी यायलीय म्हणाले.

थर्मासमधला बर्फ अजून शाबूत होता. बाटली लावली. १३९.

परत लावली. १३९. खुर्ची सरकवून, मशीन बंद करून, चालू करून लावली. १४०. मशीनचा आवाज नेहमीसारखाच होता.

बाहेर जाऊन सांगितलं, आज शुगर होणार नाही. उद्धवरावांनी कारण विचारलं. मशीन खोटं बोलतंय म्हणालो. कधीपासून, म्हणाले. मी आत आलो.

एवढं तरी करायचं ठरवलं की आज खरा आकडा लिहायचा. १३९, लाल पेननं, वर गोल. चार्ट काढला, सत्तावीस तारखेवर बोट ठेवलं. तिथं हिरव्या पेननं २८८ लिहिलेलं आहे. खाली माझी सही आहे.