उपरण्याखाली चार बोटं

१ नोव्हेंबर, शनिवार

आळे गावात पोचले एकदाची! पैठणहून दोन बॅगा, एक शेगडी आणि ही नवी वही. पशुधन पर्यवेक्षक म्हणून पहिलीच नेमणूक, सोमवारी जनावरांच्या दवाखान्यात हजर व्हायचं. खोली धर्माजी आणि साळुबाई या म्हाताऱ्या जोडप्याच्या घरामागे मिळाली. धर्माजींनी चाळीस वर्षं हेडीपणा केला, म्हणजे बैलांची खरेदी-विक्री. आता गुडघे गेलेत, म्हणून ओसरीवर बसून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक जनावराला नावं ठेवतात. साळुबाईंनी आल्या आल्या पिठलं-भाकरी वाढली आणि विचारलं, तू खरंच नोकरीला आलीस का शाळेला. खिडकीतून कांद्याचं रान दिसतं. मला इथं आवडणार.

प्रवासात उजवी दाढ ठणकत होती. धूळ, दुसरं काय.

५ नोव्हेंबर

धूळ नव्हे. आळेफाट्याच्या दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून दाखवला. चारही अक्कलदाढा आडव्या उगवल्यात. एकेक करून काढायच्या, पहिली मंगळवारी अकरा तारखेला. मी शहाण्यासारखी मान डोलावली आणि बाहेर रसवंतीच्या बाकावर जाऊन बसले.

गंमत म्हणजे आज सकाळीच एका मारक्या खोंडाला मी एकटीनं इंजेक्शन दिलं. स्वतःच्या तोंडात सुई जाणार म्हटलं की मात्र पाचावर धारण बसते. आठ वर्षांची असताना वडिलांनी, अण्णांनी, मला दवाखान्यात धरून ठेवलं होतं आणि भूल चढलीच नव्हती. अण्णा गेले, पण त्यांच्या हातांची ती पकड अजून आठवते.

८ नोव्हेंबर

मोबाईलवरची बाई सांगते, चार मोजून श्वास घ्या, चार मोजून धरा, सहा मोजून सोडा. भीतीला एखादं नाव द्या म्हणते. मी दिलं, गेनूशेठ. गेनूशेठ रोज रात्री उशाशी बसतात आणि हलत नाहीत. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. साळुबाईंचं म्हणणं, "बाळंतपणापरीस लई सोपं असतंय ते, बाय." मला दोन्हींचा अनुभव नको आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

बेल्ह्याच्या बैलबाजारात लाळ्या-खुरकुताची लस द्यायला गेलो होतो. दात बघून जनावरांचं वय लिहायचं काम माझ्याकडे. दुपारी बाभळीखाली एक म्हातारा हेडी दिसला. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, पण दावणीला एकही जनावर नाही. मी गालाला हात लावून बसले होते. तो जवळ आला आणि बैलाकडे बघावं तसं माझ्या जबड्याकडे बघत राहिला. म्हणाला, "चार हायेत. सुई न्हाई, रगत न्हाई. करू का सौदा?"

इथं भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. मला हे बघायचंच होतं, म्हणून हसत हात पुढे केला. त्यानं करंगळीपासून एकेक करत माझी चार बोटं धरली. पटलं तर आपणही दाबायचं असतं. मी दाबलं. वर बघितलं तर तो गर्दीत मिसळला होता. हात मात्र बराच वेळ गार होता.

संध्याकाळी डॉक्टरांना फोन करून उद्याची वेळ रद्द केली. ताप आहे म्हणून सांगितलं. खोटं.

११ नोव्हेंबर

उजवी खालची दाढ नाही.

दुखत नाही, रक्त नाही, भोक नाही. हिरडी गुळगुळीत, जणू तिथं कधी काही उगवलंच नव्हतं. मी घाबरायला हवं होतं. खरं लिहिते, मी आनंदानं नाचले. गेनूशेठ गेले!

१६ नोव्हेंबर

दुसरी गेली. आज ओसरीवर हसत हसत धर्माजींना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. कोणता हात, किती बोटं, मी परत दाबलं का, हे तीनदा विचारलं. मग म्हणाले, "पोरी, बाजारात दात कोण इकत घेतं? दात बघून जनावर घेत्यात."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, जनावर म्हणजे मी.

त्यांनी अशा हेडीबद्दल त्यांच्या बापाकडून ऐकलं होतं. चौथी दाढ गेली की माल त्याचा, तो न्यायला येतो. पण सौदा चारचा आहे. एक जरी दाढ आधी दुसऱ्याच्या हातानं निघाली, तर आकडा भरत नाही आणि सौदा मोडतो. "डाक्टरकडं जा," म्हणाले, "उद्याच जा."

१७ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे बुधवारच्या आधी जागा नाही. सकाळी कुडता वाळत घालताना साळुबाई ओरडल्या. माझ्या पाठीवर गुलाल. विकलेल्या बैलाच्या पाठीवर टाकतात तसाच, मूठभर. मी गुलालाला हातही लावलेला नाही.

१९ नोव्हेंबर

खुर्चीत बसले होते. दिवा तोंडावर आला. चार मोजून श्वास घेतला. डॉक्टर चांगले आहेत, प्रत्येक गोष्ट आधी सांगून करतात. त्यांनी सुई उचलली आणि मला अण्णांचे हात दिसले. पळाले. गळ्यातला कागदी रुमाल तसाच, थेट एसटी स्टँडपर्यंत. लोक बघत होते.

स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

२१ नोव्हेंबर

तिसरी. भाकरी चावताना जीभ फिरली, जागा सपाट. आता डावी वरची एकटीच उरली.

पैठणला पळून जावं म्हटलं. धर्माजी म्हणाले, विकलेलं जनावर कुठंही गेलं तरी घेणारा माग काढतो. डॉक्टर बाहेरगावी आहेत; दुसरीकडे फोन केले, आडवी दाढ इतक्या घाईनं कोणी काढत नाही. सोमवारी सकाळी दहाची वेळ मिळाली. सोमवार बाजाराचा.

२३ नोव्हेंबर

मानेभोवती लाल वळ. दाव्याचा. जनावरांच्या गळ्यावर रोज बघते मी असे वळ, मला ओळखता येतात. खाल्लं नाही. दाढेला सारखी जीभ लावून बसले आहे. आहे अजून. आहे.

उद्या पळायचं नाही. सुई लागू दे, भूल न चढू दे, काहीही होऊ दे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

गेले होते. साळुबाई सोबत होत्या. डॉक्टरांना हात जोडून म्हटलं, मी काहीही केलं तरी सोडू नका. तोंड उघडलं. सुई हिरडीला टेकली — आणि मीच त्यांचा हात ढकलला. मीच. ते रागावले नाहीत. अशी जबरदस्ती करता येत नाही, उद्या शांतपणे या, म्हणाले.

उद्या!

पावणेबारा. दार लावून बसले आहे. बाहेर लख्ख ऊन. साळुबाई अंगणात रडतायत, मी ऐकतेय.

बारा. रस्त्यावर घुंगरं. आपल्याच घराकडे —

धर्माजी ओरडतायत, "माल न्हाई द्यायचा! सौदा मोडला!" कोणाला? साळुबाई म्हणतात, तिथं कुणीच न्हाई.

दाढ हलतेय. बोटानं दाबून धरलीय. अण्णा, या वेळी धरून ठेवा ना मला, घट्ट धरा —

गेली.

घुंगरं थांबली. दार तसंच बंद आहे. पण लिहिणाऱ्या हातावर काहीतरी पडलंय — कापड — दिसत नाही, वजन लागतंय — गार —

करंगळी. दोन. तीन. पेन सुट