फायबरला अर्थिंग

३ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी १.१५
फायबर आलं. जोडणीवाला गजेंद्र तासाभरात काम उरकून गेला. काम कसलं? खांबावरून वायर आणली आणि सरळ खिडकीतून आत घेतली, लोंबकळत. मी बत्तीस वर्षं वीज मंडळात लाइनमन होतो. माझ्या हाताखालच्या माणसानं असं केलं असतं तर त्याला पुन्हा खांबावर चढवला असता.
तो गेल्यावर स्वतः दुरुस्त केलं. भिंतीत चिनी मातीचा रील इन्सुलेटर ठोकला, वायरला त्यावर दोन पक्के वेढे दिले, वरून बाइंडिंग तारेनं आवळली. आता वादळ आलं तरी हलणार नाही.
अश्वजित उद्या पुण्याहून येतोय. कंपनीनं घरून कामाची परवानगी दिली आहे. म्हणाला, नेट चाललं तर इथंच राहीन. नेट चालेल. त्याची आई, मंजुश्री, जाऊन चौदा महिने झाले. बापलेक राहू.

४ नोव्हेंबर
अश्वजित आला. स्पीड ९८. शेजारच्या ज्ञानेश्वरला मुद्दाम बोलावून दाखवला. त्यानंही गेल्याच आठवड्यात हेच फायबर घेतलंय म्हणे. त्याची वायर अजून लोंबकळतेय. अनुभवानं शिकेल.

५ नोव्हेंबर
राउटरवर लाल लाइट, म्हणजे नेट बंद. १२.१० ते १२.३५. पुन्हा ३.०५. पुन्हा ४.५०. अश्वजितची मीटिंग तीनदा तुटली. म्हणाला, पप्पा, हे असं रोजच होते का? म्हटलं, नवीन लाइन आहे, बसायला आठ दिवस लागतात.
नवीन लाइन बसायला आठ दिवस लागतात हे मी बोलता बोलताच ठरवलं. पण पटण्यासारखं आहे.
संकल्प: ट्रिपिंग रजिस्टर सुरू करणे, लाइन कधी गेली, कधी आली. बिघाड दोन दिवसांत शोधणे. चिडायचं नाही.

६ नोव्हेंबर
सकाळी टेस्टर लावला. पेटला नाही. म्हणजे वायरीत करंटच येत नाही. निम्मा प्रश्न सुटला.
अश्वजित म्हणाला, पप्पा, त्याच्यात करंट नसतेच. मुलं शिकली की बापाला शिकवतात. सोडून दिलं.
आज पाच ट्रिपिंग. त्यातली चार वारा सुटला तेव्हाची. योगायोग.

८ नोव्हेंबर, शनिवार
बिघाड सापडला. ज्ञानेश्वर! एकाच खांबावरून दोन घरं. त्यानं लोड टाकला की आमच्याकडे ड्रॉप. शेतातल्या मोटारींचं जे होतं तेच. त्याच्याकडे गेलो आणि दहा ते सहा नेट बंद ठेवायची विनंती केली, अगदी सभ्य भाषेत. तो म्हणाला, देवानंदभाऊ, हे काय पाटाचं पानी हाय का? तुमच्या वाट्याचं मी काऊन पिऊन राह्यलो?
त्याच्या बायकोनं, जयमालानं, चहा दिला. तेवढ्यात त्यांच्या टीव्हीवर सिनेमा चालू होता. एकदाही अडकला नाही. लोड कोण ओढतं याचा आणखी काय पुरावा पाहिजे?

११ नोव्हेंबर
अर्थिंग! हे आधी का सुचलं नाही? अंगणात चार फूट खड्डा खणला. मीठ, कोळसा, मीठ, कोळसा. राउटर ज्या लोखंडी पट्टीवर बसवलाय तिच्या स्क्रूपासून खड्ड्यापर्यंत तांब्याची तार. खड्ड्यात रोज एक बादली पाणी.
कंबर धरली आहे. पण काम असं की खात्यातल्या साहेबांनी येऊन पाहावं.
संध्याकाळपर्यंत ट्रिपिंग: सहा. अर्थिंग मुरायला वेळ लागतो.

१३ नोव्हेंबर
अश्वजितनं परस्पर तक्रार नोंदवली. गजेंद्रचा फोन मला आला. काका, वायर कुठं मुरडली-बिरडली तर नाही ना? म्हटलं, नाही. खोटं बोललो नाही. मुरडलेली नाही, आवळलेली आहे. दोन्हींत फरक आहे. येऊन पाहतो म्हणाला, तर म्हटलं, गरज नाही, या घरात लाइनमन आहे.

१५ नोव्हेंबर
अश्वजित आता लॅपटॉप घेऊन सकाळीच ज्ञानेश्वरकडे जातो. शनिवार असून गेला. त्यांच्या ओट्यावर बसून काम करतो. दुपारी जयमालानं तिथंच जेवायला वाढलं. मी वांग्याची भाजी केली होती. झाकून ठेवली. रात्रीला होईल.
खड्ड्यात दोन बादल्या पाणी टाकलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
जेवताना अश्वजित म्हणाला, शुक्रवारी अकराला ऑनलाइन मुलाखत हाय, लय महत्त्वाची. ज्ञानेश्वरकाकाच्या ओट्यावरून जमनार नाही, बंद खोली पाहिजे. गुरुवारी पुण्याले जातो, मित्राच्या रूमवर. मग पाहू.
'मग पाहू' म्हणजे काय, मी विचारलं नाही. मुलाखत कशाची तेही विचारलं नाही. बढतीची असणार. बढती झाली की घरून काम कायमचं. पण एकदा पुण्याला गेला तर परत येतो की नाही.
म्हणजे शुक्रवारच्या आत लाइन चाललीच पाहिजे.

१८ नोव्हेंबर. सकाळी १०
गजेंद्र न बोलावता आला. ज्ञानेश्वरनं पाठवला असणार. खिडकीबाहेर इन्सुलेटर दिसला तसे त्यानं बोटानं वेढे मोजले. म्हणाला, काका, हे कोनं आवळलं? म्हटलं, पहिल्यापासून असंच आहे. तो म्हणाला, मीच तर लावली पंधरा दिवसाआधी. मी खड्ड्याकडे पाहत राहिलो.
मग त्यानं शांतपणे समजावलं. काका, आतमंदी काच हाय, केसावानी. तिच्यातून उजेड जाते. लय वाकवली का उजेड तिथंच सांडते. हवेनं हालली का अजून सांडते. सैल सोडा, बस.
म्हटलं, माहीत आहे. तो सोडायला पुढे झाला. म्हटलं, राहू दे, माझं मी पाहतो. पुढे त्यानं विचारलं, ही तांब्याची तार कशाची? म्हटलं, कपडे वाळवायची.

१९ नोव्हेंबर, बुधवार
अश्वजित ओट्यावर गेल्यावर स्टूल घेतलं. बाइंडिंग कापली, वेढे सोडले, इन्सुलेटर उपटला. वायर लोंबकळली. बत्तीस वर्षांत इतकं वाईट काम केलं नव्हतं. डोळ्यांना बघवेना.
दिवसभरात ट्रिपिंग शून्य. वारा होता.
अश्वजितला सांगितलं, अर्थिंग मुरलं. तो भिंतीतल्या भोकाकडे बघत म्हणाला, हाव पप्पा, मुरलं. त्यानं गुरुवारचं तिकीट रद्द केलं. जिंकलो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
दार लावून मुलाखत. एक तास दहा मिनिटं. मी हॉलमध्ये राउटरसमोर खुर्ची टाकून बसलो. हिरवा. पूर्ण वेळ हिरवा. आतून अश्वजित दोनदा हसल्याचं ऐकू आलं. या घरात कोणी हसल्याला बरेच दिवस झाले होते.
संकल्प: त्याच्या खोलीला रंग देणे. फिकट निळा. मोठं टेबल करून घेणे, सागवानी.

२५ नोव्हेंबर
निवड झाली. दुसरी कंपनी. हैदराबाद. रोज ऑफिसला जावं लागणार. पंधरा डिसेंबरला हजर व्हायचं.
पाया पडला. म्हणाला, पप्पा, त्या दिवशी नेट एक मिनिट जरी गेलं असतं ना, तर हे हुकलं असतं. तुमच्यामुळे झालं.
म्हटलं, हो. पेढे आणले. ज्ञानेश्वरकडे दिले. तो म्हणाला, पोरगं मोठं झालं, भाऊ. हो म्हटलं. विशेष काही वाटलं नाही. सुताराला फोन करून टेबल नको म्हणून कळवलं.

१३ डिसेंबर, शनिवार
सकाळच्या बसमध्ये बसवून दिलं. पुढे अकोल्याहून गाडी. खिडकीतून म्हणाला, जेवत जा वेळेवर. म्हटलं, तूही.
आता घरी बसून नेटवर सिनेमे पाहायचे, असं बसस्टँडवरच ठरवलं. घरी आल्यावर एकही लावला नाही. नेट उत्तम चालू आहे.

१६ डिसेंबर, मंगळवार. संध्याकाळी ७.३०
अश्वजितचा व्हिडिओ कॉल. चित्र एकदम स्वच्छ. त्याची नवी खोली, मागे दोरीवर टॉवेल, दाढी वाढलेली, सगळं दिसलं. ऑफिस चांगलं आहे. जेवण तिखट आहे. तो बोलत होता, मी ऐकत होतो.
मध्येच थांबून म्हणाला, पप्पा? अडकले का? हालून नाही राह्यले तुम्ही.
मी अडकलो नव्हतो. नुसता बसलो होतो.
त्यानं कॉल कापून पुन्हा लावला. म्हणाला, आताही तसंच दिसून राह्यलं, लाइन गेली होती का? म्हटलं, हो, दोन मिनिटं गेली होती, आता आली.
मला त्याची फार आठवण येते. हे इथे लिहिलं, त्याला लाइन गेल्याचं सांगितलं.