१२ फेब्रुवारी २०५३चा अंक

टॉवर, सेनगाव रोड
गुरुवार, २० जुलै २००६

आदरणीय मॅडम,

नमस्कार. तुम्ही आणि घरचे सगळे खुशाल असाल असं धरून चालतो. इकडं आमचं बरं आहे. बापू शेतात, आमच्या याडीचे, म्हणजे आईचे, गुडघे दुखतात, सोयाबीन टोंगळ्याला, गुडघ्याएवढं लागलं आहे.

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. कोमलला तिसरं वर्ष पुरं करायचं आहे, तिच्या सासूबाई आशाबाई स्वतः तिला घेऊन कॉलेजात आल्या होत्या, पण रजिस्टरात तिच्या नावापुढं शिस्त समितीचा शेरा आहे की भित्तिपत्रकातला तो मजकूर तिनंच लिहिला. तो शेरा निघाल्याशिवाय प्रवेश नाही आणि शनिवार शेवटचा दिवस. हे सगळं वाचलं. शेवटी तुम्ही लिहिलं, 'रणजीत, जे झालं ते चार ओळीत लिहून दे.' तीन दिवस झाले, त्याच चार ओळी लिहून राहिलो.

मॅडम, माझं सगळं फिरलं तो टाइम मला पाठ आहे. १२ फेब्रुवारी २००३, बुधवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. लायब्ररीबाहेरच्या बोर्डावर आमच्या गटातल्या माऊलीनं भित्तिपत्रकाला चौथी टाचणी मारली, अंगठा चोखत मागं सरकला आणि म्हणाला, 'झालं बाप्पा. आता २०५३ साल लागलं.' त्याच्यानंतर माझं काहीच बराबर झालं नाही. तीन वर्षं मी सगळ्यांना हेच सांगतो.

तुम्ही विचारलं, सध्या काय करतोस. मोबाईलच्या टॉवरवर वॉचमन आहे. तारेच्या कुंपणात एक खोली, खोलीत मशीन, बाहेर जनरेटर. लाइट गेली की जनरेटर चालू करायचा आणि किती वाजता केला ते लॉगबुकात लिहायचं. खोलीचं दार कायम लावून ठेवावं लागतं, नाही तर मशीन तापतं आणि नांदेडच्या ऑफिसात घंटी वाजते. बारा तास तो आवाज ऐकायचा, घरी गेल्यावरही तो कानातून जात नाही. आमचा सुपरवायझर जगन परवा लॉगबुक चाळताना म्हणाला, 'काय रे आड्या, बहिणीकडून लिहून घेतो काय? अक्षर बायकी हाय तुझं.' पूर्वीचा मी असतो तर त्याची कॉलर धरली असती. मी नुसता चहा पीत राहिलो. आता भांडायचाही कंटाळा येतो, मॅडम.

आमच्या अंकात माऊलीनं लिहिलं होतं की २०५३ साली तांड्यातांड्यावर लोक खिशात फोन घेऊन फिरतील. तुम्ही त्या ओळीखाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'छान, पण जरा अतिशयोक्ती.' तीन वर्षांत ते आलं, आणि त्याची राखण मी करून राहिलो.

तुम्ही कल्पित कथांचा पेपर सुरू केला तेव्हा वर्गात अकरा जण होतो. त्यातले सात जण दुसरा विषय अवघड म्हणून आलेले, मी त्यातलाच. पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलं, 'शेवटचा प्रकल्प तुम्हीच ठरवायचा, तुम्हीच करायचा. मी आधी बघणार नाही. सगळ्यांबरोबर बोर्डावर वाचीन.' आमच्यावर असं कोणी काही सोपवलं नव्हतं. घरी बैल सोडायचा तरी बापू मागून ओरडत यायचे.

बाकीच्या गटांनी चंद्रावरची शाळा, बोलणारा कॉम्प्युटर असं काय काय घेतलं. आमच्या तिघांत कल्पना कोमलची. ती म्हणाली, 'चंद्रावर काय होईल ते कोणीबी लिहील. पन्नास वर्षांनी सेनगावच्या स्टँडवर काय होईल, ते लिहू. आपल्या गावचा पेपर काढू.' मग जानेवारीभर लायब्ररीच्या मागच्या टेबलावर आम्ही तो पेपर केला. उडत्या जीपचं वेळापत्रक: सेनगाव ते हिंगोली चार मिनिटं, सीट भरल्याशिवाय सुटणार नाही. हरवला आहे: यंत्रबैल, डावं शिंग ढिलं, हाक मारल्यास फक्त हिंदीत उत्तर देतो. हवामान: हट्टा मंडळात गुरुवारी चार ते सहा पाऊस सोडण्यात येईल, पापड वाळत घातलेल्यांनी नोंद घ्यावी. हे पापड कोमलचे. ती लिहिता लिहिता स्वतःच हसायची आणि मग शाई सांडायची.

त्या हसण्यापायी मी रोज सव्वासातची जीप धरून कॉलेजात येत होतो. हे तुम्हाला तेव्हाच माहीत असेल. सगळ्या वर्गाला माहीत होतं, एक तिला सोडून. अडीच वर्षांत मी तिला तसलं एक अक्षर बोललो नाही. तोंडातून निघतच नव्हतं. माऊली म्हणायचा, 'आरं, जनावरावर ओरडताना तुझा आवाज चार शेतं जातो, हिच्यासमोर काहून दातखीळ बसती?'

माऊलीचं अक्षर म्हणजे पावसात चालून गेलेली कोंबडी. म्हणून त्याचे आणि स्वतःचे सगळे कॉलम कोमलनंच मोठ्या कागदावर उतरवले. शेवटची एक चौकट मी रिकामी ठेवायला लावली. म्हणालो, 'ही मी सकाळी भरतो. तुम्ही बोर्डावर लागल्यावरच वाचा, मॅडमसारखं.' कोमल हसली, म्हणाली, 'बघ बरं, पान खराब करू नको.' त्या हसण्यावर मी तीन वर्षं काढली. मनाला सांगत आलो की तिला अंदाज होता, अंदाज असल्याशिवाय कोणी असं हसतं का. हसतं, मॅडम. लोक नुसतेही हसतात. हे समजायला मला फार उशीर लागला.

चौकटीत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, पण मीच लिहायला पाहिजे. 'सुवर्णमहोत्सव! आज आमच्या विवाहाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. कृपया आहेर आणू नये. यंत्रबैलाने आल्यास तो कुंपणाबाहेर बांधावा. श्री. रणजीत हिरासिंग आडे व सौ. कोमल, सेनगाव.'

वाटलं होतं, ती वाचेल, लाजेल, नाही तर रागावेल. काही तरी एक होईल आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरेल. २०५३ची गोष्ट आहे, कोणाला काय त्याचं.

वजाबाकी मी केली नव्हती. ती पोरांनी केली. त्रेपन्नमधून पन्नास गेले की हातात काय उरतं? बारा फेब्रुवारी दोन हजार तीन. म्हणजे आज. साडेबारापर्यंत कॅन्टीनमध्ये बोलणं सुरू झालं की दोघं सकाळी कोर्टात लग्न लावून आले आणि वरून बोर्डावर जाहीर केलं. दोनपर्यंत ते स्टँडवर गेलं. संध्याकाळी कोमलच्या गावात तिच्या काकाला, दगडोबाला, कोणी तरी पानटपरीवर पेढे मागितले. मी सुवर्णमहोत्सव लिहिला कारण तो शब्द भारी वाटला. दुसरं काही कारण नव्हतं.

मग मी लोकांना सांगत फिरलो, मॅडमनी आधी वाचायला पाहिजे होतं, मॅडमची चूक आहे. तुम्हाला मेमो मिळाला हे मला कळलं होतं. तरी सांगत फिरलो. त्याची माफी मागतो. पण तेवढ्यासाठी तुम्ही पत्र लिहिलं नाही, हे मला समजतं.

दुसऱ्या दिवशीची, गुरुवारची गोष्ट लिहायची राहिली. आत्तापर्यंत तीच टाळून राहिलो.

प्रिन्सिपल सरांच्या खोलीत टेबलावर तो कागद पसरला होता. टाचण्यांची चार भोकं दिसत होती. दगडोबा उभे, कोमलचे वडील संतरामकाका खुर्चीच्या टोकाला बसलेले. तुम्ही खिडकीजवळ होता. मी आत आलो तसे दगडोबा म्हणाले, 'हेच का ते नवरदेव? पन्नास वर्षं म्हणं! तांड्यावरच्या पोराजवळ आमची पोरगी पन्नास मिन्टं तरी बसंल काय?'

माझं डोकं तिथंच गेलं.

सरांनी विचारलं, 'कोमल, हे अक्षर तुझं आहे?'

ती म्हणाली, 'बाकी सगळं माझं हाय सर. ही चौकट माझी न्हाई.'

'मंग कोणाची?' दगडोबांनी चौकटीवर बोट आपटलं. 'ह्याच अक्षरात घरच्या पत्रिकांवर नावं लिहिती न तू? आमाला काय अक्षर वळखू येत न्हाई?'

तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. 'रणजीत, सांग न ह्यांना. तूच भरणार होता न ही चौकट? सर, मला ह्यातलं काहीच माहीत न्हाई. माझ्या मनात असलं कधी आलंबी न्हाई.'

ती खरं बोलत होती. मदत मागत होती. मला फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं. ते सगळ्यांसमोर आलं, आणि दगडोबा हसले.

तुम्ही म्हणालात, 'रणजीत, विचार करून बोल.'

मी म्हणालो, 'अक्षर बघा की. तिनंच लिहिलं.'

संतरामकाका उठले. पोरीकडं न बघताच म्हणाले, 'चल घरी.' ती उठली नाही, माझ्याकडंच बघत राहिली. तिला राग आला नव्हता, मॅडम. तिला ते समजतच नव्हतं. हिशोबाचं गणित चुकावं आणि कुठं चुकलं ते सापडू नये, तसं तोंड झालं होतं. मी वळलो आणि दार आपटून निघून आलो. मागं काच वाजली होती. फुटली का, ते मी आजपर्यंत कोणाला विचारलं नाही.

तर अकरा वीस खोटं आहे. माझं जे फिरलं ते दुसऱ्या दिवशी, त्या खोलीत फिरलं. मी कॉलेज सोडलं म्हणून लोकांना माझीच कीव आली. तिचं नाव कॉलेजातून कटलं आणि मे महिन्यात लग्न लावून तिला हट्टा गावी देऊन टाकली.

आता अक्षराचं.

हे पत्र हातात घेतल्याबरोबर तुम्हाला वाटलं असेल, कोमलनं लिहिलं. पाकिटावरचं तुमचं नाव बघूनही वाटलं असेल. ळ-ची लांब शेपटी, ऊकाराला दिलेली गाठ, शब्द संपला तरी थोडी पुढं जाणारी रेघ. सगळं तिचं आहे. पहिल्या वर्षी पेरणीत माझे तीन आठवडे बुडाले, तेव्हा तिच्या वह्या मागून आणल्या. उतरवता उतरवता अक्षर आवडलं, म्हणून तसं काढून बघितलं. मग दुसऱ्या वर्षी कारण नसताना वह्या मागू लागलो. बोलता येत नव्हतं, तर तिच्यासारखं लिहायचो. पानंच्या पानं लिहायचो. कधी माझं स्वतःचं अक्षर सुटलं, मला कळलंही नाही. चौकट भरताना मी फसवायला म्हणून ते वापरलं नाही. माझ्याजवळ दुसरं अक्षर उरलंच नव्हतं. पण त्या खोलीत, सगळे तिच्याकडं बघत असताना, ते कामाला येईल हे मला बराबर समजलं. आणि मी ते वापरलं.

तुम्ही पत्रासोबत चौकटीची झेरॉक्स पाठवली. ती लॉगबुकाशेजारी ठेवून बघितली. मलाही फरक सापडला नाही.

म्हणून चार ओळी पुरणार नाहीत. चार ओळी तिनंच लिहून माझ्याकडून सही घेतली असं कोणीही म्हणेल. एवढं लांब पत्र, त्यात माझ्या घरचं, टॉवरचं, माझ्या मूर्खपणाचं, हे कोणी तिच्याकडून लिहून घेणार नाही. तरी सरांना शंका असेल तर त्यांच्यासमोर, ते सांगतील ते, या अक्षरात लिहून दाखवतो. म्हणून हे पोस्टानं टाकत नाही. उद्या सुपरवायझर येणार, त्याच्या आधी आजच घेऊन येतो. माझ्या जागी दुसरा माणूस नाही. नांदेडला घंटी वाजली तर वाजू दे.

तुम्हाला पाहिजेत त्या चार ओळी:

दि. १२ फेब्रुवारी २००३ रोजी भित्तिपत्रकातील विवाहाच्या वाढदिवसाची चौकट मी एकट्याने लिहिली. कु. कोमल संतराम हिला ती बोर्डावर लागेपर्यंत माहीत नव्हती. अक्षर तिच्यासारखे असले तरी हात माझा आहे. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांसमोर मी खोटे बोललो.

एक विनंती. पत्र सरांना दाखवा, समितीला दाखवा, तिच्या सासरच्यांना दाखवा. तिच्या हातात देऊ नका. मागच्या वेळी तिला न विचारता तिचं नाव लिहिलं, आता तिला न विचारता माझं मन तिच्यापुढं टाकायचं नाही. तिनं विचारलं तर चार ओळी वाचून दाखवा. आणि ती आज कॉलेजात आली असेल तर मला कळवू नका. मी बाहेरच्या बाकड्यावर बसतो, बोलावलं की आत येतो, काम झालं की जातो.

'आपला विद्यार्थी' असं लिहिणार होतो. मधूनच उठून गेलेल्यानं ते लिहावं का, माहीत नाही.

आपला,
रणजीत हिरासिंग आडे

ता.क. सही बघा. ती अजून माझीच आहे, माऊलीच्या अक्षरासारखी कोंबडीच्या पायांची. हरिचंदची जीप वळणावर हॉर्न देऊन राहिली, दोन सीट रिकाम्या आहेत म्हणून थांबला आहे. निघतो. दार मात्र नीट लावून घेतो.