न पाहिलेल्या घराची वाट

लोणावळा, जून १९४६

प्रिय दादा,

आबांना कडी लावून कोंडून ठेव, हा तुझा सल्ला वाचून मी आधी चिडले आणि मग हसले. कल्याणला रेल्वेच्या चाळीत बसून असले सल्ले बरे सुचतात! त्यांचं डोकं फिरलंय म्हणतोस. फिरलेलं नाही रे. रजा घेऊन आल्यापासून मी रोज त्यांच्या मागे चालते आहे. दिवस कलला की फेटा बांधतात, "इंदे, आमी घरला चाललो, तुजी आई खोळंबली आसंल," म्हणतात, आणि धरणाकडे निघतात.

कॉलेजात बेडकं कापतेस का, असं तू नेहमी चिडवतोस ना? तर ऐक. बेडकाच्या पिल्लाची शेपूट आरपार दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात मज्जातंतू वाढताना बघता येतो. त्याच्या टोकाला बारीक बोटं फुटलेली असतात. ती चाचपडतात, एक मागे जातं, दुसरं पुढे येतं. डोळ्यातून निघालेला तंतूही असाच अंधारात मेंदूपर्यंत जातो आणि आपली नेमकी जागा धरतो. तिथे तो आधी कधी गेलेला नसतो. वाट त्याला कोण सांगतं, कुणालाच नीट ठाऊक नाही. परदेशात कुणी तरी बेडकाचा तंतू कापून डोळा उलटा बसवला. तंतू पुन्हा वाढला तो जुन्याच जागी गेला. माशी वर असली तरी तो बेडूक जन्मभर खालीच झडप घालत राहिला. बिचाऱ्या तंतूचं काय चुकलं? डोळा माणसांनी फिरवला होता.

आबांचंही तेच. मे महिन्यात पाणी उतरलं तेव्हा ते चिखलातून सरळ चालत गेले आणि थांबले. पायाखाली आपल्या घराचं जोतं होतं. तीस वर्षं बुडालेलं, तरी पाऊल इकडचं तिकडे नाही. उंबऱ्याच्या जागी वाकून त्यांनी पाय धुतले, शेतावरून आल्यावर धुवायचे तसे. अशा माणसाला कोंडायचं? माझ्याच्याने होणार नाही.

आता पाणी पुन्हा चढतंय. काल आबांनी काठावरच पाय धुतले आणि आईला हाक मारली, "कस्तुरा, आलो गं." तू हसशील, पण पाण्यातून कुणी तरी ओ दिली. मग माझं नाव घेतलं. आई गेली तेव्हा मी पाळण्यात होते. तिचा आवाज मला आठवायचं काही कारण नाही. तरी मी तो ओळखला. पुढचं धड सांगता येत नाही. लुगडं जड झालं, आणि पाय आपले उतरतच होते, ओटा कुठे, माजघर कुठे, सगळं ठाऊक असल्यासारखे. त्या घरात मी कधी एक पाऊलही चाललेली नाही, दादा. "इंदे, माघारी फिर, तितं काय बी न्हाई," असं आबा ओरडत होते. छातीएवढ्या पाण्यातून त्यांनीच मला ओढून काढलं.

आज आबा कुठेही गेले नाहीत. दाराला पाठ लावून बसले आहेत, माझ्यावर नजर ठेवून. पण त्यांचं वय झालंय, किती जागतील? मिळेल त्या गाडीने ये आणि मला इथून घेऊन जा. त्यांचा डोळा लागायच्या आत ये.

तुझीच,
इंदू