गोचीड मला का चावत नाही

ती. ताई,

तुला आणि भाऊजींना वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? (थोडक्यात कळव, मागच्या पत्रात डावा गुडघाच दोन पानं चालला होता.) मी मजेत. मला कुणाचाही मत्सर वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तुला माहीतच आहे, बावीस वर्षं मी गुहेत शिरून आमच्या प्रयोगशाळेसाठी फळं खाणाऱ्या वटवाघळांचे गोचीड गोळा करतोय. भिंतीच्या फटींतून चिमट्याने एकेक काढायचा आणि बाटलीत टाकायचा. (डोक्यावर वरून काय पडतं ते लिहीत नाही, तू जेवत असशील.) इतक्या वर्षांत एकही गोचीड मला चावला नाही. आणि आमचा नवा सहायक, ज्याला मी मनातल्या मनात गोडबोल्या म्हणतो, पहिल्याच दिवशी कानामागे गोचीड घेऊन बाहेर आला! साहेबांनी भिंगाखाली धरला, तर जात नवीन निघाली. आता तिला गोडबोल्याचं नाव देणार. त्याने केलं काय? कान नेला, एवढंच.

माझा नुसता जळफळाट झाला. (मत्सर नव्हे.) दुसऱ्या दिवशी मी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून गुहेत तीन तास बसलो. दोन गोचीड पोटरीपर्यंत आले, जरा थांबले आणि माघारी गेले. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "त्यांनाही चव असेलच की!"

पण काल तिलाच माझ्या पाठीवर एक सापडला. मी तो बाटलीत घालून साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो. साहेब सोमवारी येतील. बघू आता कुणाचं नाव लागतं ते.

तुझा,
धाकटा

ता. क. तो गोचीड वटवाघळाचा नाही. बावीस वर्षं हेच करतोय, मला पाहताक्षणी कळलं. गेल्या रविवारी तुमचा कुत्रा माझ्या पाठीला पाठ लावून झोपला होता. पण गोडबोल्याने इतक्या मनापासून हात हातात घेऊन अभिनंदन केलं की मी 'आभारी आहे' म्हणून बसलो.

आणखी एक. सोमवारी सकाळी साहेब यायच्या आत फोन करून मला बोलावून घे. भाऊजी जिन्यावरून पडले म्हण. बाटलीवर गोडबोल्याने सुरेख अक्षरात चिठ्ठी डकवलीय, माझ्या पूर्ण नावाची. मी ती चार वेळा वाचली. निघायच्या गडबडीत बाटली उचलतो. गोचीड फेकून देईन, चिठ्ठी तेवढी अलगद सोडवून घेऊन येतो.