जिनाच्या काचेतला उजेड

४ डिसेंबर १९३८, सेलू
आलो बुवा एकदाचा! जागा झकास आहे. कापसातून सरकी काढायच्या जिनिंगच्या आवारातच खोली, आणि मालक बन्सीधर शेठ मला घ्यायला स्वतः स्टेशनवर आले. औरंगाबादेत नोकरीसाठी जोडे झिजवणारा मी इथे मॅनेजर!
इथली एक पद्धत आवडली. कापूस पेट घेईल म्हणून आत दिवा न्यायचाच नाही. कंदील खिडकीबाहेर ठेवायचा आणि उजेड काचेतून आत घ्यायचा. काचेला बाहेरून जाड गज आहेत. सांजेला आतून पाहिलं, तर प्रत्येक कंदिलाला वर-खाली उभी शेपूट फुटलेली. बाया म्हणाल्या, उजेड बिघडलाय. मी हसलो. सरकीनं तेलकट झालेल्या पदरानं काच पुसली की बारीक रेघा उरतात आणि उजेड त्या रेघांना काटकोनात पसरतो. आडवं पुसलं की शेपूट उभी, उभं पुसलं की आडवी. मुकादम कस्तुराबाईंना बोटानं करून दाखवलं. त्या नुसत्या बघत राहिल्या.

७ डिसेंबर
आज मन खट्टू आहे. गेल्या हंगामात इथे आग लागली आणि कस्तुराबाईंची मुलगी धुरपता आत जळून मेली. बाया कापूस चोरतील म्हणून तेव्हाचे मॅनेजर व्यंकटराव दाराला बाहेरून कडी घालायचे. बाकीच्या बाया आधीच काम संपवून घरी गेल्या होत्या, ही आत राहिली आणि बाहेरून कडी लागली. व्यंकटराव पळून गेले. आता चौकशी आहे. दाराला कडी कधीच नव्हती, असं शेठना माझ्याकडून लिहून हवं होतं. नाहीतर दुसरा मॅनेजर बघतो म्हणाले. घरी कोणत्या तोंडानं परत जाऊ? सुतार बोलावून कडी काढवली, भोकं बुजवली, सही केली. कस्तुराबाई हे सगळं उभ्यानं बघत होत्या. लय चांगलं केलं साब, एवढंच म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

९ डिसेंबर
काचा दुपारी राखेनं लख्ख धुवून घेतल्या होत्या. सांजेला कोपऱ्यातल्या खिडकीत कंदिलाची शेपूट आडवी! म्हणजे कुणीतरी काच वरून खाली पुसली. बाया शपथा घेतात, हात लावला नाही म्हणून. ही म्हातारी कस्तुराबाईच माझ्या खोड्या काढतेय. मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. उद्या बघतोच.

१० डिसेंबर
काच स्वतः धुतली. बायांना सुट्टी दिली आणि दारासमोर खुर्ची टाकून बसलो. कुणी आत गेलं नाही. दिवेलागणीला पाहिलं — शेपूट आडवी.
काचेजवळ गेलो. फडक्याचं काम नव्हे. पाच बोटं, वरून खाली घसरत आलेली. आतल्या बाजूनं.

११ डिसेंबर
काच गरम लागते. केस जळाल्याचा वास येतो. धुरपता कुठे सापडली, असं कस्तुराबाईंना विचारलं. त्या खिडकीखालीच, म्हणाल्या. गज धरायला गेली आसंल, पर मधी काच हाय.
मी माफी मागितली. त्यांनी थुंकून पाठ फिरवली.

१२ डिसेंबर, दुपार
शेठकडे गेलो. कागद परत द्या म्हटलं. तो कालच चौकशीत दाखल झाला, म्हणाले. मी स्वतः जाऊन खरं सांगतो म्हटलं, तर हसले. उद्या सकाळी जातोच. उद्या नक्की.

१२ डिसेंबर, सांज
ती बोटं आपल्या हातानं पुसून टाकावीत म्हणून आत आलो. दार मागून लागलं. ढकलतोय. कडी नाही, मीच काढवली — तरी हलत नाही. वही खिशात होती. कंदिलाच्या उजेडात लिहितोय —

मागे कुणीतरी खोकतंय. वळून बघवत नाही.

धूर —

कस्तुराबाई बाहेर, कंदिलापाशी. ओरडलो, दार उघडा! त्या गजांशी आल्या. शांत होत्या. म्हणाल्या, दाराला कडीच न्हाई साब, तुमीच लिहून दिलंय. ढकला की.

ढकलतोय — खांद्यानं —

त्या बघतायत — जागच्या हलत नाहीत —

काच भाजते. हात टिकत नाही — खाली घसर